सात लाल पोपट

त्या रविवारी आमच्या वर्तमानपत्राला भोक पडलेलं होतं. चांगलं चौकोनी, कात्रीनं कापलेलं, आगपेटीएवढं.

मी पान उजेडासमोर धरलं तर त्या भोकातून मला निवृत्तीमामा दिसला. मागावर बसलेला, मान खाली, जणू पेपर नावाची वस्तू त्याला ठाऊकच नाही.

"पेपर कुणी कापला?" मी विचारलं.

"काय कापलंय?" नाना म्हणाले. नाना म्हणजे माझे वडील. ते मागावर बसले की बोलताना वर बघत नसत.

"'हेही नवलच'मधलं कापलंय. बाकी सगळा पेपर शाबूत आहे."

"उंदरानं कुरतडलं असेल."

"उंदीर काटकोनात कुरतडतो का, नाना?"

मामा हसला नाही. एरवी असल्या बोलण्याला तो पहिला हसायचा. स्वयंपाकघरात आईच्या हातातली पळी थांबल्याचं मला कळलं, कारण फोडणीचा आवाज तसाच चालू राहिला आणि ढवळण्याचा थांबला. माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याच्या किटलीत बोट बुडवून बघणारी, पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्यांचा खोका आधी हुंगणारी मुलगी मी. घरात कोण कुठे गप्प झालं, हे माझ्या कानाला बरोबर लागायचं.

हे चौऱ्याऐंशी सालचं. येवल्याला आमच्या घरात पैठणीचे दोन माग होते, एक नानांचा आणि एक मामाचा. मी एकवीस वर्षांची, लग्न ठरायचं होतं. विणकराचे हात आणि डोळे गुंतलेले असतात, पण कान मोकळे. म्हणून आमच्याकडे रोज सकाळी कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे मीच. आठवडाभर नानांना बाजारभाव आणि भाषणं लागायची. रविवारी मात्र 'हेही नवलच' हे सदर असायचं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. माणसाच्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड कानात असतं, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. एका रेशमाच्या कोशातून निघणारा धागा कधीकधी किलोमीटरभर भरतो. हे शेवटचं वाचलं तेव्हा नाना खूश झाले होते. म्हणाले, "म्हणजे आपण रोज मनमाडपर्यंत चालत जातो आणि परत येतो म्हणायचं."

मामाला आवडलेलं नवल वेगळंच होतं. एका रविवारी मी वाचलं की लाल कापड बघून बैल उधळतो ही समजूत चुकीची आहे. लाल रंग त्याला लाल म्हणून दिसतच नाही, तो कापडाच्या हलण्यानं चिडतो. आडवा धागा नेणारा मामाचा धोटा अर्ध्या वाटेत थांबला.

"मग त्याला काय दिसतं?" त्यानं विचारलं.

"ते नाही लिहिलेलं."

"लिहायला पाहिजे होतं," मामा म्हणाला, आणि मग दुपारपर्यंत एक शब्द बोलला नाही.

हा मामा आईचा धाकटा भाऊ. आठ महिन्यांपूर्वी पैठणहून एक पत्र्याची पेटी घेऊन आला होता. हात असा की नानांसारखा माणूससुद्धा त्याच्या मागापाशी उगाच रेंगाळायचा. पण तिकडच्या दोन ठिकाणची कामं त्यानं का सोडली, हे कुणी सांगत नव्हतं. आईला विचारलं की आई भाजी चिरायला घ्यायची.

आणि त्याच्या तऱ्हा. बाजारात टोमॅटो घ्यायला गेला की एकेक टोमॅटो दाबून बघायचा, भाजीवाली त्याला शिव्या घालायची. अंगात कायम पांढरा सदरा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या कांड्या. पैठणीच्या काठापदरात एका रांगेत पाच-सहा रंग येतात. प्रत्येक रंगाच्या रेशमाची लहानशी कांडी भरायची असते, विणकर ती ती कांडी उचलून नक्षीत घालतो. नानांच्या कांड्या मी भरायचे. मामानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "माझ्या कांड्या अक्का भरेल. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही." अक्का म्हणजे माझी आई.

का? माझ्या हाताला काय काटे होते?

हे सगळं मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण दिवाळीत पेटकरशेठच्या दुकानात एक पैठणी लागली आणि तिच्या पदरावर नानांची वेल होती. नानांनी सहा महिने कागदावर खोडरबरानं खोडून खोडून काढलेली वेल. पानाला पान जुळत होतं. नाना घरी आले, पाणी न पिता मागावर बसले आणि म्हणाले, "घरातून गेलंय." एवढंच. कुणाचं नाव घेतलं नाही. घरात आम्ही चौघं.

त्यानंतर नानांनी नवा पदर काढला, पोपटांचा. तीन ओळी, ओळीत सात पोपट, अंग गर्द हिरवं, चोच आणि डोळा डाळिंबी. पुण्याच्या एका घरच्या लग्नासाठी होता, तारीख ठरलेली. नानांनी तो मामाला विणायला दिला. विश्वास म्हणून दिला की पारख म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

काम सुरू व्हायच्या आधी मामानं विचारलं होतं, "दाजी, हिरवा जरा फिका घेतला तर?"

"का?"

"नाही, आपलं उठून दिसेल."

"माझा पोपट आहे," नाना म्हणाले. "गर्दच राहील."

याला पदर बदलायचाय, मी मनात नोंदवलं. माझ्या मनात तेव्हा अशा बऱ्याच नोंदी साठल्या होत्या. आणि आता हे पेपरचं भोक.

त्या दुपारी सगळे जेवायला बसले असताना मी मामाच्या मागाखाली वाकले. त्याच्या प्रत्येक कांडीच्या दांडीला पांढऱ्या सुताचा एक तुकडा बांधलेला होता आणि त्या सुताला गाठी होत्या. डाळिंबीला एक. हिरव्याला दोन. पिवळ्याला तीन. नानांच्या कांड्यांना असलं काही नव्हतं, पन्नास वर्षांत कधी नव्हतं.

मी गाठी पुन्हा मोजल्या. मला वाटलं, सापडलं. पोपट कागदावर उतरवून बाहेर नेला तर कुणी बघेल. पण दोऱ्यावर गाठी मारत गेलं की झालं. एक, दोन, दोन, एक, तीन. अख्खा पदर खिशात घालून पेटकरकडे नेता येईल. आणि गाठी कोण बांधत होतं? आई. माझी आई भावासाठी नवऱ्याचं घर फोडत होती.

नानांना सांगायचं तर पुरावा हवा. मी दोन दिवस विचार केला आणि एक युक्ती काढली. अजूनही ती आठवली की तेव्हाच्या माझ्या हुशारीचा मला राग येतो.

त्या आठवड्यात नानांच्या चुलतभावाकडे कोपरगावला लग्न होतं. आम्ही तिघं तीन दिवस जाणार, मामा कामासाठी मागं राहणार. निघायच्या सकाळी आई डबे भरत होती. मामानं पोपटांच्या खालची नक्षी संपवली होती, पहिल्या ओळीचा पहिला पोपट लावायचा होता. तो अंघोळीला गेला तसं मी डाळिंबी आणि हिरव्या कांड्यांचं सूत सोडून टाकलं आणि नव्या सुताला गाठी मारून अदलाबदल करून बांधलं. लालला दोन गाठी, हिरव्याला एक.

माझा हिशोब सरळ होता. विणायला गाठी लागतच नाहीत, रंग डोळ्यांसमोर असतो. तेव्हा आमच्या पदराला काही होणार नाही. पण गाठींवरून नक्षी बाहेर जात असेल, तर पेटकरच्या दुकानात लाल पोपट येतील, हिरव्या चोचीचे. मग नानांना हाताला धरून तिथं नेईन आणि म्हणेन, बघा.

कोपरगावच्या मांडवात मी त्या लाल पोपटांचा विचार करून मनातल्या मनात हसत होते.

आम्ही परत आलो तो चौथ्या दिवशीच्या सकाळी. नाना चपला काढून थेट मागाच्या खोलीत गेले. मी मागोमाग. मामा उठून उभा राहिला, "या दाजी. ओळ संपली बघा," म्हणाला आणि बाजूला झाला.

सात पोपट होते. सातही लाल. गर्द डाळिंबी अंगाचे, हिरव्या चोचीचे, हिरव्या डोळ्यांचे. वीण अशी सुंदर की कुठे एक धागा इकडचा तिकडे नाही.

नाना मागापाशी वाकले. मामा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. पदराकडे नाही, तोंडाकडे. त्याचं हसू हळूहळू गेलं.

"काय झालं दाजी?"

"मला विचारतोस?"

"वीण सैल पडली का?"

"निवृत्ती," नाना म्हणाले, "तुला पेटकरनं हे करायला सांगितलं का? सरळ सांग. नक्षी चोरून भागलं नाही म्हणून आता काम नासवायला सांगितलं?"

मामानं एकदा पदराकडे बघितलं, मग पुन्हा नानांकडे. त्याला खरंच कळत नव्हतं. शाळेत गणित चुकलेलं पोर मास्तरांच्या चेहऱ्यावर उत्तर शोधतं, तसा तो शोधत होता. मग त्यानं खाली वाकून एक कांडी उचलली आणि तिच्याकडे न बघता अंगठ्यानं सुताच्या गाठी चाचपल्या. दुसरी उचलली. चाचपली.

त्याच क्षणी आई दारात आली. तिनं पोपट बघितले, त्याच्या हातातल्या कांड्या बघितल्या आणि मग सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. मामानंही बघितलं.

मला सगळं कळलं असं नाही. पण आपण काहीतरी भयंकर केलंय एवढं कळलं. मी तोंड उघडलं.

"नाना, मी..."

"कुमे, तू आत जा," मामा म्हणाला. त्यानं मला कधी असं दरडावलं नव्हतं. मग नानांना म्हणाला, "चूक माझी आहे दाजी. मला काही सांगायचं नाही."

"काही नाही?"

"नाही."

"मग पेटी भर," नाना म्हणाले.

आई भिंतीला धरून उभी होती. ती नवऱ्याला काही बोलली नाही, भावालाही थांबवलं नाही. बोलली असती तर काय बोलली असती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दळण आणायच्या निमित्तानं एसटी स्टँडवर गेले. मामा पेटीवर बसला होता. मी शेजारी उभी राहिले आणि माझ्याच्यानं रडू आवरलं नाही.

"रडतेस कशाला उगं," तो म्हणाला. "बस."

"गाठी मी बदलल्या."

"माहीत आहे की."

"पण तुला दिसलं कसं नाही, मामा? लाल आणि हिरवा?"

तो समोरच्या गाड्यांकडे बघत म्हणाला, "मला ते दोन वेगळे दिसतच नाहीत, कुमे. गर्द असले तर दोन्ही वाळल्या पाचोळ्यासारखे दिसतात. फिका असला तर जरा अंदाज येतो. लहानपणी बोरं काढायला जायचो, तर माझ्या टोपलीत अर्धी कच्ची निघायची. बापाला वाटायचं पोरगं धांदरट आहे. अक्काला तेवढं कळलं. तेव्हापासून ती गाठी बांधते. तिचं लग्न होऊन ती इकडं आली आणि माझी तिकडची कामं एकेक करून गेली."

"आणि पेपर?"

"तो अक्कानं कापला. त्यात असल्या डोळ्यांबद्दल लिहिलं होतं म्हणे. तू मोठ्यानं वाचलं असतंस तर दाजींनी माझ्याकडे बघितलं असतं. दाजी हुशार आहेत."

मी म्हणाले, "मी आत्ता घरी जाऊन नानांना सगळं सांगते."

"नाही सांगायचं." त्यानं माझा हात धरला. "शपथ आहे तुला माझी. अगं, बेइमान म्हणून हाकललेला माणूस दुसऱ्या गावात जाऊन मागावर बसू शकतो. रंग न दिसणाऱ्या माणसाला कोण बसवेल? मला दुसरं काही येत नाही."

गाडी लागली. त्यानं पेटी उचलली. मला एकच गोष्ट विचारायची राहिली होती.

"मामा, गाठ तर माझ्या हातची होती. आईच्या आणि माझ्या गाठीत फरक असेल ना? तुझ्या बोटांना कळलं नाही?"

"पहिल्याच पोपटाला कळलं. अक्काची गाठ बारीक असते, ही ढोबळ होती. म्हटलं, लग्नाच्या घाईत अक्कानं तुला भरायला सांगितलं असेल." तो पायरीवर चढला. "घरचाच हात आहे म्हटलं, मग काय बघायचं?"

घरी जाऊन आई आणि मी तीन दिवस तो पदर उसवला. धागा धागा मागं घेत सातही पोपट काढले. त्या तीन दिवसांत आई माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मग नानांनी स्वतः बसून तिन्ही ओळी पुऱ्या केल्या आणि साडी वेळेवर पुण्याला गेली.

वेलीचं कोडंही पुढे सुटलं. नानांची मूळ वेलीची साडी आधी नाशिकच्या प्रदर्शनात दोन दिवस दोरीवर टांगलेली होती, आल्यागेल्यानं हात लावून बघितलेली. पेटकरचा माणूस तिथं कागद-पेन्सिल घेऊन उभा असल्याचं नानांना कुणीतरी वर्षभरानं सांगितलं. ऐकून नाना पुन्हा मागावर बसले. पण मामाच्या मागावर त्यांनी दुसरा विणकर कधी बसवला नाही. मी शपथेला जागून गप्प राहिले. खरं सांगायचं तर मला ती शपथ सोयीची पडली. नानांना मामाचे डोळे सांगायचे तर माझ्या गाठीही सांगाव्या लागल्या असत्या.

अकरा वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलगा झाला, ओंकार. तो पहिलीत असताना बाईंनी चित्रकलेची वही घरी पाठवली. लाल शाईत शेरा होता, 'मुलगा मुद्दाम खोडसाळपणा करतो.' मी वही उघडली.

फांदीवर पोपट होता. लाल. चोच हिरवी.

मी त्याच आठवड्यात त्याला घेऊन येवल्याला गेले. आईनं चित्र बघितलं आणि उठून डब्यांच्या फळीवरून एक जुना पावडरचा डबा काढला. तळाशी घडी घातलेलं आगपेटीएवढं कात्रण होतं, पिवळं पडलेलं. अकरा वर्षांनी मी ते वाचलं. काही पुरुषांना लाल व हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही, असं सुरुवातीला होतं. शेवटचं वाक्य होतं, हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो, आणि त्या आईला स्वतःला सर्व रंग स्वच्छ दिसत असतात.

"म्हणजे माझ्याकडून आलाय," मी म्हणाले.

"माझ्याकडून तुझ्याकडे," आई म्हणाली. "तो बिचारा एकटाच घेऊन आला नव्हता. आपल्या सगळ्यांचं होतं ते." अकरा वर्षांत त्या गोष्टीबद्दल ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती.

ओंकार ओसरीत चित्र काढत बसला होता. मी पांढरं सूत घेतलं, त्याच्या रंगीत पेन्सिलींपाशी बसले आणि लालला एक गाठ, हिरव्याला दोन, पिवळ्याला तीन बांधल्या. त्याला सांगितलं, पोपटाला दोन, चोचीला एक. त्यानं पेन्सिली चाचपल्या, रंगवलं आणि वही माझ्यापुढे धरली. चित्राकडे न बघता तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"बरोबर आहे?"

मी वही हातात घेतली. मागून नानांचा आवाज आला.

"त्या पेन्सिलींना काय बांधलंयस?"

ते केव्हापासून उभे होते कुणास ठाऊक. त्यांनी खाली बसून एक पेन्सिल उचलली, गाठी बोटांनी मोजल्या. मग ओंकारच्या वहीची मागची पानं उलटली आणि लाल पोपटापाशी थांबले. मी सगळं सांगितलं. गाठी, कोपरगाव, एसटी स्टँड. काही राखून ठेवलं नाही. मला वाटलं होतं नाना मला मारतील, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

नानांनी ती पेन्सिल बोटांत फिरवली. मग म्हणाले, "मी त्याला विचारलं होतं, हिरवा फिका कशाला हवा. मी विचारलं होतं आणि उत्तर ऐकायला थांबलो नाही." डोळे पुसायला त्यांना खांद्यावरचं उपरणं सापडेना. "पत्ता आहे का त्याचा?"

आईकडे होता.

"कार्ड घे," ते मला म्हणाले. "लिही. माग रिकामा आहे. कांड्या भरायला अक्का आहे, आणि अक्काचे हात थकले तर कुमुद येऊन भरेल. मी वाट बघतोय." थोडं थांबून म्हणाले, "आणि माझी चूक झाली असं लिही. मोठ्या अक्षरात लिही."

आठव्या दिवशी पैठणहून उत्तराचं कार्ड आलं. नाना मागावर बसले होते, हात गुंतलेले. म्हणाले, वाच. मी मागाच्या खोलीत उभं राहून मोठ्यानं वाचलं. वर श्री आणि तारीख, आणि खाली एकच ओळ होती.

'दाजी, सोमवारी येतो. हिरवा जरा फिका घ्या.'